हवा भरल्यावर ढिला पडणारा डावा ताण

एक हलकी सममित आणि दुसरी आऱ्यांची छिद्रे एका बाजूला असलेली, अशा दोन्ही रिमांवर सायकलची मागची चाके बांधून झाली, आउट (चाकाचा डगमगाट) निघाला, डिशही (हबच्या दोन टोकांमधील रिमची जागा) मध्यावर आली; परंतु हलक्या सममित रिमवर ट्यूबलेस टायर चढवून ५ बार हवा भरताच डाव्या बाजूचे आरे हाताला स्पष्टपणे नरम लागू लागले. टायर नसताना उजवीकडे, म्हणजे चेनच्या बाजूला, सरासरी ताण ११८ केजीएफ (किलोग्रॅम-बल) आणि डावीकडे ६४ होता. हवा भरल्यावर तो अनुक्रमे ९८ आणि ५३ वर आला आणि डिश किंचित उजवीकडे सरकली. दोन्ही बाजूंची घट टक्केवारीत जवळपास सारखीच आहे. हे अपेक्षितच होते, कारण दोन्ही बाजूंच्या ताणांचे गुणोत्तर आऱ्यांच्या कोनांवर ठरते आणि ते कायम राखण्यासाठी रिमच सरकते. मुळात कमी असलेल्या डाव्या ताणाला मात्र ही घट परवडत नाही, कारण तिथले निपल, म्हणजे आरे रिमला आवळणारे छोटे नट, चालत्या चाकात सुटू लागतात.

दोष केवळ हवेचा नाही, हे हवा सोडल्यावर कळले. बीड, म्हणजे टायरची रिमवर बसणारी कड, जागेवर घट्ट बसलेलीच होती आणि हरवलेल्या ताणापैकी जेमतेम निम्मा परत आला. उरलेली घट बीडच्या आवळण्यामुळे होती. दोन्ही रिम कागदावर ६२२ मिमीच्याच असल्या, तरी या हलक्या रिमवर आऱ्यांची छिद्रे बंद करणाऱ्या टेपचे दोन थर आहेत, आणि जाडीत ०.२ मिमीची भर पडली की बीडच्या बैठकीचा घेर सव्वा मिलिमीटरने वाढतो. टायर चढवताना शेवटची वीतभर बीड लिव्हरशिवाय का जात नव्हती, तेही यावरून समजते: रिमच्या मधली खाच आधीच उथळ, त्यात टेपने ती आणखी भरली. दुसऱ्या रिमवर खाच खोल असल्यामुळे, व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवले, तर तोच टायर नुसत्या हातांनी चढतो, आणि हे सुख केवळ ज्याने अंगठे सोलून घेतले आहेत त्यालाच कळेल.

या दुसऱ्या रिमची आऱ्यांची छिद्रे ३ मिमी डावीकडे असल्यामुळे हबच्या पट्ट्यांची (आरे अडकवायच्या कडांची) मध्यापासूनची उजवी व डावी अंतरे १८ आणि ३३ मिमीऐवजी २१ आणि ३० धरावी लागतात. परिणामी डावा ताण उजव्याच्या ५४ टक्क्यांऐवजी ७० टक्के मिळतो आणि हवा भरल्यावरही ७० केजीएफच्या वर राहतो. मागच्या चाकाचा निकाल माझ्यापुरता इथेच लागला. कारखान्याने छापलेली ईआरडी, म्हणजे आऱ्यांची लांबी काढण्यासाठी लागणारा रिमचा व्यास, मात्र प्रत्यक्ष मापापेक्षा २ मिमीने कमी निघाली. दोन आरे आणि दोन निपल लावून स्वतः मोजल्याशिवाय आरे मागवू नयेत, हे माझे ठाम मत आहे.

हलक्या रिमचा ताण सरसकट वाढवता येत नाही, कारण तिची कमाल मर्यादा १२० केजीएफ आहे. म्हणून डावीकडे मध्यभागी १.५ मिमीचे आरे घालण्याचा बेत होता: १.८ मिमीच्या आऱ्यापेक्षा ते त्याच ताणाला सुमारे दीडपट लांबतात, त्यामुळे डिश कमी सरकते आणि निपल सुटण्याची भीतीही घटते. परंतु हे लिहिताना वाटते की रिम-ब्रेकच्या पुढच्या चाकाला डिशच नसते, म्हणजे दोन्ही बाजूंचे आरे सारख्याच कोनात असतात, तेव्हा ही रिम तिथेच शोभेल. टेपचा एक पातळ थर लावून आधी बीड किती सैल होते ते पाहीन. आरे त्यानंतर मागवीन.