मिठाच्या पाण्यात लाल राहतं का?

मी सोन्यावर काम करते म्हटलं की आमच्या बेळगावच्या शहापुरात पुढचा प्रश्न ठरलेला: कुठल्या सराफाकडं? मग सांगावं लागतं की मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि उरलेल्या वेळात सोन्याचे इतके बारीक कण करते की ते पाण्यात लाल दिसतात. त्यावर दुसरा प्रश्न येतो, तो हल्ली चुकत नाही: "त्यानं कॅन्सर बरा होतोय म्हणं?" माझं माहेर निपाणीकडचं, तंबाखूच्या मुलखातलं. आमच्या भावकीतच तोंडाचा कॅन्सर झालेली माणसं आहेत. त्यामुळं हा प्रश्न गंमत म्हणून येत नाही हे मला कळतं. पण माझं उत्तर लांबतं, आणि ते मिठामुळं लांबतं.

आधी कण कसे होतात ते सांगते. काचेची भांडी अम्लराजानं धुवायची, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल. कुठं जुना कण चिकटून राहिला असेल तर नवं सोनं त्याच्यावरच चढत बसतं. मग क्लोरोऑरिक आम्लाचं, म्हणजे सोनं विरघळलेलं, फिकट पिवळं द्रावण उकळायला ठेवायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट एकदम ओतायचं. पिवळेपणा जातो. काही झालंच नाही असं वाटतं. मग काळपट निळसर छटा चढते आणि काही मिनिटांत सगळा फ्लास्क लालबुंद. टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली मांडलेली ही रीत अजून जगभर चालते. कण साधारण १५ नॅनोमीटरचे मिळतात; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. इतक्या वेळा करूनसुद्धा तो लाल रंग येताना मी हातातलं काम सोडून बघत राहते, हे विद्यार्थ्यांना माहीत आहे.

आता यातलं थोडं परीक्षानळीत घेऊन चिमूटभर मीठ टाकायचं. डोळ्यांदेखत लाल जाऊन जांभळं, जांभळं जाऊन करडं निळं. दुसऱ्या दिवशी तळाशी काळा गाळ. सोनं कुठं गेलेलं नसतं. सायट्रेटमुळं प्रत्येक कणावर ऋण भार असतो, म्हणून कण एकमेकांना ढकलून लांब राहतात. मिठातले सोडियमचे आयन त्या भाराभोवती गर्दी करतात, ढकलणं थांबतं, कण जवळ येतात आणि एकदा चिकटले की सहसा सुटत नाहीत. सुटे कण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात म्हणून लाल दिसतात. चिकटले की शोषण तांबड्या बाजूला सरकतं आणि द्रावण निळं दिसतं. मायकेल फॅरडेनं १८५७ मध्येच मिठानं होणारा हा रंगबदल नोंदवून ठेवला होता.

सलाइनमध्ये ०.९ टक्के मीठ असतं आणि रक्ताचा खारटपणाही जवळपास तेवढाच. म्हणजे फ्लास्कमधला देखणा लाल माल जसाच्या तसा शिरेत सोडायची सोय नाही. म्हणून कणांवर पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या बसवतात. साखळीच्या टोकाला गंधक असलेला थायॉल गट असतो, तो सोन्याला घट्ट धरतो, आणि कण कदंबाच्या फुलासारखा सगळ्या बाजूंनी तंतूंनी भरून जातो. मग भार झाकला गेला तरी हे तंतूच दोन कणांना जवळ येऊ देत नाहीत.

एवढ्यावर सुटका होत नाही. रक्तात शिरल्या शिरल्या प्रथिनं कणांवर येऊन बसतात, यकृत आणि प्लीहेतल्या पेशी त्यांना ओळखून गिळतात. पेशीच्या आत ग्लुटाथायॉन भरपूर असतं, त्यालाही गंधक, ते आपल्या बसवलेल्या साखळ्या हळूहळू उपटून काढतं. बाटलीत टिकणं, रक्तात टिकणं आणि पेशीत टिकणं अशा या तीन वेगळ्या परीक्षा आहेत, आणि एकीत पास झालेला दुसरीत पास होईलच असं नाही.

सोन्याच्या कांड्यांची, म्हणजे कांडीच्या आकाराच्या कणांची, तर वेगळीच कथा. जवळच्या अवरक्त प्रकाशानं तापवून गाठ जाळायची म्हणून त्या करतात. त्यांना सीटॅब नावाचा साबणासारखा पदार्थ सांभाळतो, आणि तो स्वतः पेशींना विषारी, म्हणून वापरण्याआधी काढावा लागतो. जास्त काढला तर कांड्या चिकटतात. डिसेंबरात बेळगावच्या थंडीत सकाळी लॅब उघडावी तर बाटलीत पांढऱ्या सुया दिसतात. सीटॅबचे स्फटिक ते. कोमट पाण्यात बाटली धरली की विरघळतात. शिवाय जोरदार लेसर मारला की कांडीचा गोळा होतो, आणि गोळा झाला की तो अवरक्त प्रकाश ती नीट शोषत नाही. तापायसाठीच केलेली वस्तू तापल्यानं निकामी!

मग माणसांपर्यंत काही पोचलंय का? पोचलंय की. साधारण २७ नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणांवर टीएनएफ हे प्रथिन आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल बसवून केलेल्या औषधाच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. हाफ्नियम ऑक्साइडच्या कणांना २०१९ मध्ये युरोपात सीई मान्यता, म्हणजे तिथल्या बाजारात आणायची मुभा, मिळाली. ते रक्तात सोडत नाहीत, थेट गाठीत टोचतात आणि मग रेडिएशन देतात. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. रक्ताची परीक्षा टाळता आली तर टाळावी की.

आणि आता माझी चिडचिड. आमच्या भागात एमएस्सीचा प्रोजेक्ट म्हटलं की तुळस, शेवगा, कडुनिंब, जे पान हाताला लागेल ते उकळायचं, सिल्व्हर नायट्रेट घालायचं, तपकिरी रंग आला की चांदीचे कण झाले, आणि पुढं कॅन्सरच्या पेशी मेल्याचा आलेख. कण किती दिवस टिकले? "चार अंश तापमानाला स्थिर." कशात? डिस्टिल्ड वॉटरमध्ये! पेशी ज्या माध्यमात वाढवतात त्यात मीठ, म्हणजे क्लोराइड भरपूर. चांदी हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन आयन सोडते, त्यातल्या काहींचं सिल्व्हर क्लोराइड होतं. पेशी कणांनी मेल्या, आयनांनी मेल्या की पानाच्या अर्कानं, हे वेगळं तपासल्याशिवाय त्या आलेखाला मी फारशी किंमत देत नाही.

मागं माहेरचे एक काका "नॅनो गोल्ड" लिहिलेली बाटली घेऊन आले. आत स्वच्छ, बिनरंगी पाणी. "अक्का, हे घेतलं तर रेडिएशन नको म्हणालाय दुकानदार." मी सांगितलं, काका, यात सोनं असलंच तर नावाला असेल, आणि रेडिएशनचा एकही दिवस चुकवू नका. बाटलीचं बिल मागितलं तर दुकानदारानं दिलेलंच नव्हतं.

यंदाच्या मुलांना मी अट घातलीय: कण पाण्यात ठेवा, सलाइनमध्ये ठेवा आणि प्रथिन घातलेल्या सलाइनमध्ये ३७ अंशांना ठेवा, आणि ठरावीक वेळानं वर्णपट घ्या. एकानं लगेच विचारलं, "मॅडम, सीरम कोण देणार?" सीरम म्हणजे रक्तातल्या पेशी आणि गुठळी काढून उरलेला, प्रथिनं असलेला द्रव. ते महाग, आणि ते साठवायला फ्रीझर लागतो. सध्या बोव्हाइन अल्ब्युमिनची, म्हणजे गाईच्या रक्तातल्या प्रथिनाची, पावडर मागवलीय. ती साध्या फ्रिजमध्ये राहते. इन्क्युबेटर शेजारच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडं मागायचाय, पण त्यांच्या प्रॅक्टिकल परीक्षा संपेपर्यंत तो काही मिळत नाही.