पित्रांच्या ताटात ओहागी

शनिवार, 20 सप्टेंबर 2025, सनीव्हेल, कॅलिफोर्निया

आईला जपानी जेवायला न्यायचं हे खूळ माझंच. इतकी वर्षं इथे राहून मला जपानी म्हणून काय माहीत, तर क्रीम चीज भरलेले सुशी रोल आणि मोची आइस्क्रीम, म्हणजे चिकट तांदळाच्या पिठीत गुंडाळलेलं आइस्क्रीम. ते आइस्क्रीमही लॉस एंजेलिसच्या एका जपानी मिठाईवाल्यांनी नव्वदच्या दशकात बाजारात आणलेलं. तेव्हा आज काहीतरी अस्सल खायचं म्हणून सॅन होजेचं जपानटाउन गाठलं. पितृपंधरवड्यात बाहेरचं खावं का, यावर गाडीत थोडा खल झाला. "आपली सर्वपित्री उद्या आहे, आज नाही," असा निवाडा आईनेच दिला.

जेवण पार फसलं. आम्ही दोघी शाकाहारी. मेन्यूत टोफू दिसला आणि निर्धास्त झालो. तळलेला टोफू आला, गरम रश्शात, आणि वर तपकिरी पापुद्रे. वाफेवर ते पापुद्रे चक्क हलत होते. आईने चमचा खाली ठेवला.

"हे जिवंत आहे का गं?"

जिवंत नव्हतं, मासा होता. कात्सुओबुशी. मासा शिजवून, धुरी देऊन, लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवायचा आणि रंध्यावर तासायचा. पापुद्रे काढले तरी सुटका नाही, कारण रस्सा म्हणजे दाशी, आणि दाशीतही तोच. मिसो सूप, नूडल्स, भाज्या, सगळ्याच्या बुडाशी दाशी. नुसत्या कोंबूची, म्हणजे समुद्री शेवाळाची दाशीही असते, बौद्ध मठांतला स्वयंपाक तिच्यावरच चालतो. पण ती त्या हॉटेलात नव्हती. आईने कोरडा भात आणि लोणच्याच्या काकड्या खाल्ल्या. बिल मी तिला दाखवलं नाही.

गोडाने मात्र अब्रू राखली. जुन्या वळणाच्या जपानी मिठाईत तूप-लोणी नाही, दूध नाही, बहुतेक प्रकारांत अंडंही नाही. तांदूळ, कडधान्य, साखर, एवढ्यावर कारभार. जवळच्याच एका छोट्या दुकानात काचेमागे गुलाबी, पांढरे, हिरवे गोळे ओळीने मांडलेले, आणि एका कोपऱ्यात ओबडधोबड, काळपट, अंडाकृती असं काहीतरी. आईचं बोट थेट त्यावर.

गल्ल्यावरच्या आजी म्हणाल्या, ओहागी. आज हिगान सुरू झालं ना, म्हणून. शरद संपात, म्हणजे दिवस-रात्र समान असतात तो दिवस, त्याच्या आगेमागे मिळून सात दिवस. लोक पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, ती स्वच्छ करतात, आणि त्यांना हे ठेवतात. मी भाषांतर करेपर्यंत आईचा चेहरा फुललेला.

"अगं, म्हणजे पित्रपाटच की!"

आत चिकट तांदळाचा भात, बाहेरून लाल आझुकी कडधान्याचं पुरण. हेच वसंतात केलं की नाव बोतामोची, बोतानच्या फुलावरून, आणि आता हागीच्या फुलावरून ओहागी. भात पुरता कुटायचा नाही, निम्मी शितं दिसली पाहिजेत. त्याला जपानीत 'हानगोरोशी' म्हणतात, शब्दशः अर्धमेला, हे आजींनी हसत हसत सांगितलं. आईला हे फार आवडलं. संध्याकाळपर्यंत तिने ते तीन जणांना फोनवर सांगितलं.

चव? आईच्या शब्दांत, "पुरण उत्तम, वेलदोडा राहिला." मला गोडी कमी वाटली, मग दुसरं खाल्लं, मग कमी वाटेना.

आणि मी मूर्खासारखं विचारलं, जपानमध्येही अस्संच मिळतं का? आजी म्हणाल्या, मी जपानला आयुष्यात दोनदा गेलेय, हे माझ्या आईचं आहे. अमेरिकेत अशी जपानटाउन आता तीनच उरलीत, त्यातलं हे एक. दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, अमेरिकी सरकारने इथल्या जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडायला लावून छावण्यांत धाडलं, बरेचसे वायोमिंगमधल्या हार्ट माउंटनला. त्यातून परत येऊन ज्यांनी पुन्हा चूल मांडली, त्यांच्या लेकीला मी अस्सलपणाचा दाखला मागत होते. चार ओहागी बांधून घेतल्या आणि गप्प बाहेर पडले. शिवाय आईच्या हट्टाने एक पौंड आझुकी. मुगाहून मोठे, लालबुंद, पोटावर पांढरी रेघ.

रविवार, 21 सप्टेंबर, सर्वपित्री

आजींनी बजावलं होतं, फ्रिजमध्ये ठेवू नका, आजच खा. आम्ही ठेवल्या. सकाळी भाताचे दगड झालेले. आईने न बोलता मोदकपात्र काढलं आणि वाफवल्या. पुरण जरा ओलसर झालं, पण भात परत मऊ.

आमच्याकडे पित्रांना पुरण लागतंच. आज दोन पातेली. एकात हरभऱ्याची डाळ, दुसऱ्यात आझुकी. आझुकीचं पहिल्या उकळीचं पाणी ओतून द्यायचं, त्याला 'शिबुकिरी' म्हणतात, हे मी वाचून दाखवलं. आईने ते वाटीत काढून ठेवलं. कट टाकायचा? काहीतरीच काय! त्याला गोडा मसाला, चिंच-गूळ, खोबरं लावून रीतसर आमटी केली. मी एक घोट घेतला, तोंड बाभळीची साल चघळल्यासारखं तुरट. आईनेही घेतला. मग शांतपणे सिंकमध्ये ओतून म्हणाली, "म्हणून टाकतात होय."

पुरणयंत्र मात्र दोन्हींना चाललं. आझुकी त्यातून फिरवले, सालं वर राहिली, खाली मऊ लगदा. सालांसकट ठेवलं तर त्सुबुआन, गाळलं तर कोशिआन. आपल्याकडे गूळ घालून शिजवायचं आणि मग वाटायचं. तिकडे आधी गाळायचं, पाण्यात धुवायचं, फडक्यात पिळायचं, आणि साखर त्यानंतर. शेवटी चिमूटभर मीठ. पुरणात उलथनं उभं राहिलं की झालं. आझुकीत पळी पातेल्याच्या तळाशी ओढायची आणि मागची रेघ लगेच बुजली नाही की झालं. आईने दोन्ही करून पाहिलं, दोनदा. त्या नादात दुसरं जरा करपलं.

तिने त्यात वेलदोडा घातला. मी पाहिलं आणि बोलले नाही.

ताट वाढलं: खीर, वडे, भाजी, कटाची आमटी (हरभऱ्याची), पुरण, आणि कडेला एक ओहागी. "यांना गोडाचं काही चालायचं," आई म्हणाली. बाबांना साखर होती, ते शेवटची सहा वर्षं आमच्यापासून लपवून खायचे.

पान गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं. या गावात कावळ्यांना तोटा नाही. ते इतके झाले होते की 2022 साली नगरपालिकेने त्यांना हुसकावायला हिरवे लेझर वापरले. आज नेमका एकही नाही. वीस मिनिटं आम्ही दोघी जाळीच्या दाराआड उभ्या. शेवटी एक निळा 'जे' पक्षी आला, खीर-वड्यांकडे ढुंकूनही न बघता ओहागीवर चोच मारली, पुरणाचा गोळा उचलला आणि शेजारच्यांच्या छपरावर जाऊन बसला.

"चालतंय," आई म्हणाली, आणि आमची ताटं वाढायला आत गेली.