पद्मिनीत रेडिओ वाजवायचा तर

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीचा डॅशबोर्ड कापून त्यात आजचा स्टिरिओ ठोकलेला दिसला की वाईट वाटतं. नव्या सेटला १८२ बाय ५३ मिलिमीटरचं भोक लागतं आणि कापलेला पत्रा काही परत येत नाही. जागा मूळची असेल तर दोन नॉबचा जुना सेट बसवा. नसेल तर ब्लूटूथ-एफएमवाला छोटा अ‍ॅम्प्लिफायर ग्लव्ह बॉक्समध्ये लपवा.

चोर बाजारातून आणलेला जुना सेट थेट बॅटरीला लावू नका. प्लसच्या वायरीत ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घाला. तो लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर पुढे जा. आतले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले असतातच. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, २५ व्होल्टचे, १०५ अंशवाले लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. आणि स्पीकर न जोडता सेट चालू करू नये, जर्मेनियम ट्रान्झिस्टरवाला असेल तर मुळीच नाही.

वायरिंगआधी बॅटरीची कुठली बाजू बॉडीला जोडलीय ते बघा. मॉरिस मायनरसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस बॉडीला असतो. तिथे नव्या सेटची पेटी रबरावर बसवून काम भागतं असं समजणारे एरियल विसरतात. एरियलच्या केबलची जाळी एकीकडे सेटच्या मायनसला आणि दुसरीकडे फेंडरला जोडलेली असते, म्हणजे शॉर्ट थेट तिच्यातूनच होतो आणि केबल वितळते. अशा गाडीला आयसोलेटेड कन्व्हर्टर लागतो, म्हणजे ज्याच्या आतल्या आणि बाहेरच्या वायरी एकमेकींना जोडलेल्या नसतात असा.

सप्लायला दीड स्क्वेअर एमएमची वायर आणि प्लसजवळच फ्यूज: जुन्या सेटला ३ अँपियर, नव्याला १०. अर्थ घेताना रंग खरवडून उघड्या पत्र्यावर दातेरी वॉशर लावा. स्क्रू रंगावरच आवळला तर वाजेल, पण धड नाही. नव्या सेटची मेमरीची पिवळी वायर २० मिलिअँपियर खात असेल तर ३० दिवसांत १४ अँपियर-अवर गेले. ३५ च्या बॅटरीत मग सेल्फ मारायला काय उरणार? महिन्यातून एकदा बाहेर पडणाऱ्या गाडीत ती वायर स्विचवर घ्या. स्टेशनं पुन्हा लावावी लागतील, लावा.

नव्या सेटच्या स्पीकरची एकही वायर बॉडीला लागता कामा नये. जुन्या गाड्यांत स्पीकरचं एक टोक बरेचदा बॉडीलाच दिलेलं असतं; तेच कनेक्शन ठेवलं तर सेटमधली आवाजाची चिप, म्हणजे आयसी, जळतो.

आता खरखर. इंजिन बंद असताना सगळेच सेट छान वाजतात. इंजिन चालू करा आणि एरियलचा प्लग उपसा. आवाज थांबला तर तो एरियलमधून येतोय, तसाच राहिला तर सप्लायमधून. मग ऐका. रेसबरोबर वाढणारी टकटक इग्निशनची. चढत जाणारी शिट्टी डायनामोची. मधूनच येणारा कट्-कट् कटआऊटचा, म्हणजे डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या रिलेचा.

टकटकीसाठी १ मायक्रोफॅरडचा सप्रेसर (खरखर गिळणारा कंडेन्सर) कॉईलच्या त्या टोकाला लावा जिथे इग्निशन स्विचची वायर येते. डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला लावलात तर स्पार्क कमजोर होईल, गाडी मिस मारेल, आणि दोष कार्ब्युरेटरवर जाईल. भागलं नाही तर ५ किलोओहमच्या प्लग कॅप घाला. शिट्टीला तसाच सप्रेसर डायनामोच्या जाड वायरीच्या टोकाला. फील्डच्या बारीक टोकाला कधीच नको, डायनामोचा व्होल्टेज सांभाळणाऱ्या रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. सप्रेसरची पेटीही उघड्या पत्र्यावरच आवळायची. तरीही आवाज राहिला तर इंजिनपासून बॉडीपर्यंतची विणलेली अर्थपट्टी तपासा. पन्नास वर्षांत ती हिरवी पडलेली असते.

एरियलची दांडी एफएमसाठी साधारण ७५ सेंटिमीटर हवी. तिचं बूड फेंडरच्या आतून, खरवडलेल्या पत्र्याला टेकलं पाहिजे; मीटरवर एक ओहमच्या आत दाखवलं तर ठीक. केबल कमी पडली म्हणून टीव्हीच्या केबलचा तुकडा जोडू नका. मीडियम वेव्हवर तिची कपॅसिटन्स बराच सिग्नल खाते.

सगळं बसल्यावर, जुना सेट असेल तर, १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचं एखादं अशक्त स्टेशन लावा आणि एरियलच्या सॉकेटजवळचा ट्रिमरचा स्क्रू आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत हळूहळू फिरवा. एरियलची दांडी तेव्हा पूर्ण वर काढलेली असू द्या.