आमची वाटचाल: अ‍ॅल्युमिनियमचा फेस आणि योग्य पुडीचा शोध

मकरपुऱ्यातील आमचा कारखाना वडिलांच्या काळात केवळ अ‍ॅल्युमिनियमचे ओतकाम करीत असे. दर घन सेंटिमीटरला 2.7 ग्रॅम भरणारा हा धातू फुगवून अर्ध्या ग्रॅमच्या आसपास आणता येतो आणि असा ठोकळा पाण्यावर तरंगतो, हे प्रत्यक्ष पाहिल्यावर धक्का शोषणारे ठोकळे बनवायचे मी ठरवले. वडील म्हणाले, “भट्टी आपलीच आहे, पुडीचं तेवढं नीट बघ.”

ही पूड म्हणजे तापल्यावर वायू सोडून धातूला फुगवणारी भुकटी, आणि तिनेच आम्हांला सर्वांत जास्त शिकवले. सुरुवातीला आम्ही टायटॅनियम हायड्राइड निवडले, कारण ते तापले की हायड्रोजन सोडते आणि धातूच्या भुकटीत शेकडा अर्धा भाग मिसळला तरी पुरते. परंतु त्यातून वायू सुटू लागतो तो साधारण 400 अंश सेल्सिअसला, आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनियम वितळते 660 अंशांना. मधल्या टप्प्यात धातू घनच असल्यामुळे वायू त्या मिश्रणाच्या दाबून केलेल्या वडीला आतून चिरा पाडी, आणि पुढे तिथे गोल छिद्रांऐवजी लांबट भेगा उरत. आमचे कित्येक ठोकळे असे वाया गेले, आणि तो दोष मी बराच काळ साच्यात शोधत राहिलो.

उपाय दोन बाजूंनी सापडला. पूड हवेत 480 अंशांवर काही तास भाजली की कणांवर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि वायू उशिरा सुटतो. शिवाय सुमारे 12 टक्के सिलिकॉन असलेला मिश्रधातू 577 अंशांनाच वितळतो, त्यामुळे दोन्ही तापमाने जवळ येतात. ही पूड ज्वालाग्राही असल्याने तिच्या खोलीत ठिणगी उडेल असे कोणतेही काम आम्ही करू देत नाही.

वितळलेल्या धातूत थेट पूड घालायची असेल, तर मात्र मी कॅल्शियम कार्बोनेटलाच कौल देतो. ते स्वस्त आहे, धातू वितळल्यानंतरच कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि हा वायू छिद्रांच्या भिंतींवर ऑक्साइडचा पातळ थर चढवून त्या फुटू देत नाही; छिद्रेही बारीक येतात. फक्त पूड सर्वत्र सारखी ढवळली गेली पाहिजे, आणि ते ढवळणे आजही मी स्वतः उभा राहून करवून घेतो.