गॅदरिंगमधलं रसायनाचं टेबल

नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या शाळेचं गॅदरिंग डिसेंबरच्या थंडीत व्हायचं. नाच, नाटकं, बक्षिसं सगळं असायचं, पण माझा जीव अडकलेला असायचा विज्ञान प्रदर्शनात, त्यातही आम्ल-आम्लारीच्या टेबलापाशी.

दारात पांढरं कापड ताणून बांधलेलं असे. त्यावर आदल्या दिवशी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने ‘सुस्वागतम्’ लिहून वाळवायचं. वाळलं की कापड जवळजवळ कोरंच दिसे. पाहुणे आले की हळदीच्या पाण्याचा फवारा मारायचा. कापड पिवळं होई आणि त्यातून एकेक अक्षर लाल होऊन वर येई. हळदीतलं कर्क्युमिन हे रंगद्रव्य धुण्याच्या सोड्यासारख्या आम्लारीत लाल होतं. हळदीच्या डागाला साबण लागला की घरोघरी हेच होतं, पण कापडावर ते पाहताना मोठी माणसंही हरखून जात. मग अक्षरांवर लिंबू पिळलं की ती परत पिवळी!

संत्री तर घरोघरची असत. फोडीवर निळा लिटमस कागद टेकवला की तो लाल होई, सायट्रिक आम्लामुळे. लहान मुलांची झुंबड मात्र चुन्याच्या निवळीपाशी. नळीने फुंकर मारली की निवळी दुधाळ होई. आणखी फुंकत राहिलं तर तीच पुन्हा स्वच्छ होई. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पहिल्यांदा कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं, नंतर ते विरघळून बायकार्बोनेट होतं. हे दुसरं कारण ऐकायला फार कमी जण थांबायचे, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटायचं.

शेवटचा प्रयोग सर स्वतः उभे राहून करून घेत. चंचुपात्रात सोडियम हायड्रॉक्साइडचं सौम्य द्रावण, त्यात आम्लारीत गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, रंग गडद गुलाबी. वर ब्युरेटमध्ये, म्हणजे तोटी असलेल्या उभ्या काचनळीत, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल. एका हाताने तोटी, दुसऱ्याने पात्र हलवत राहायचं. आम्ल पडे तिथे क्षणभर पांढरा ठिपका उठे आणि गुलाबीत विरून जाई. मग ठिपके जास्त वेळ टिकू लागत. “आता थेंब थेंब,” सर म्हणत. आणि एका थेंबाला सगळा रंग जाई. आम्लातला हायड्रोजन आणि आम्लारीतला हायड्रॉक्साइड यांचं पाणी झालेलं असे, आणि उरलेलं द्रावण स्पिरिटच्या दिव्यावर आटवलं की बशीच्या तळाला मिठाचे पांढरे कण. चाखायची सक्त मनाई. थोडे कण पाण्यात विरघळवून सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा, पांढरा साका आला की क्लोराइड आहे हे पक्कं.

सी. व्ही. रामन १९१०च्या सुमारास नोकरीनिमित्त नागपुरात होते, हे सर दरवर्षी अभिमानाने सांगत. १९९२ साली नागपुरातल्या गांधीसागर तलावासमोर त्यांच्याच नावाचं रमण विज्ञान केंद्र सुरू झालं, तेव्हा टेबलावरची सगळी मुलं घेऊन ते स्वतः तिथे गेले.

प्रदर्शन संपलं की उरलेलं आम्ल पाणी घालून पातळ करायचं नाही, पाण्यात आम्ल ओतायचं, मग खायचा सोडा टाकत राहायचं. फसफस थांबली, लिटमसने खात्री झाली, की बादली मोरीत आणि आम्ही तर्री पोह्यांच्या रांगेत.