कोहाचं प्लगइन आणि पासवर्डासाठी १७ दिवस

पैसे घेताना सर्व्हर देखभालीच्या कंत्राटदाराचा आणि अडचण आली की सॉफ्टवेअर साऱ्या जगाचं, हे मला अजून पचलेलं नाही. म्हणून हे लिहितेय. ज्या वाचनालयात कोहा, म्हणजे वाचनालयाचा कारभार सांभाळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, पण सर्व्हरचा पासवर्ड ग्रंथपालाच्या हातात नाही, त्यांनी तरी नक्की वाचावं.

आमचं वाचनालय नागपूरच्या महाल भागात आहे, शासनमान्य ‘ब’ वर्गाचं. पाच वर्षांपूर्वी आम्ही रजिस्टरवरून कोहावर आलो. मुदत उलटलेल्या पुस्तकांची पत्रं मात्र मी हातानेच लिहायचे. आमचे निम्मे सभासद पेन्शनर. ते ई-मेल उघडत नाहीत, पण पोस्टकार्ड आलं की दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन दारात हजर. एका परदेशी ग्रंथालयात काम करणाऱ्या प्रोग्रॅमरने अशा पत्रांसाठी केलेलं प्लगइन, म्हणजे कोहाला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, मला मार्चमध्ये सापडलं. मजकूर आपल्या भाषेत टाकता येतो, वस्तीनुसार गठ्ठे पडतात, यादी एक्सेलमध्ये निघते. माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पत्र ब्राउझरमधून छापलं जातं. थेट पीडीएफ करणारी काही साधनं देवनागरीचा घोळ करतात: जोडाक्षरं फुटतात, ‘दिनांक’मधली वेलांटी ‘द’च्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते. असं पत्र मी कुणाला पाठवणार नाही.

प्लगइनच्या सूचनापत्रात बसवण्याबद्दल एकच ओळ होती: प्लगइनची केपीझेड फाईल उतरवून घ्या आणि प्लगइनच्या पानावरून चढवा. मी पान उघडलं तर तिथे लिहिलेलं की प्लगइनची सोय बंद आहे. कोहाच्या मॅन्युअलमध्ये याचं उत्तर आहे. सर्व्हरवर कोहा-कॉन्फ.एक्सएमएल नावाची फाईल असते, तिच्यात ‘एनेबल प्लगइन्स’समोरचा ० बदलून १ करायचा आणि सेवा पुन्हा सुरू करायची. पाच मिनिटांचं काम. पण ती फाईल बदलायला सर्व्हरचे सगळे अधिकार देणारा रूट पासवर्ड लागतो, आणि तो होता वार्षिक देखभालीचे पैसे घेणाऱ्या कंत्राटदाराकडे.

त्याला फोन केला. ‘मॅडम, पोराला पाठवतो.’ चार दिवस पोरगा आला नाही. पाचव्या दिवशी आला, स्क्रीन पाहिली आणि म्हणाला, ‘हे प्लगइन आमचं नाही ना जी, आम्ही फक्त कोहा पाहून राहिलो.’ मी म्हटलं, अरे बाबा, प्लगइन मीच बसवते, तू एवढा एक आकडा बदलून दे. तर म्हणाला, ‘भाऊंना विचारावं लागते.’ भाऊंचं, म्हणजे त्या कंत्राटदाराचं, उत्तर फोनवर आलं: ओपन सोर्स आहे, याला वॉरंटी नसते, कोहावाल्यांना विचारा.

मी खरंच विचारलं. कोहा वापरणाऱ्यांच्या समूहातून एका दिवसात उत्तर आलं, तेही नीट समजावून. मूळ कोहातला दोष असेल तर तो त्यांच्या नोंदवहीत लिहावा, ते पाहतील. बाहेरच्या कुणी केलेलं प्लगइन त्याच्या लेखकाचं असतं, त्याबद्दल त्यालाच लिहावं. आणि सर्व्हरवरची सेटिंग सर्व्हर ज्याच्या ताब्यात आहे त्याचं काम. मग लेखकाला लिहिलं. त्याने दोन दिवसांत कळवलं की फाईलमधला बदल तुमच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यालाच करावा लागेल. म्हणजे फिरून पुन्हा भाऊ.

एप्रिल संपत आला होता. दुपारी कूलरसमोर बसूनही टेबल तापलेलं असायचं. दिवसातून एकदा तरी लाईन जायची आणि सर्व्हर बंद पडू नये म्हणून वाचनालयातले काका इन्व्हर्टरकडे धावायचे. मी रोज फोन करत होते. ‘आज नाही, उद्या.’ ‘पोरगा कामठीला गेला.’ एकदा तर म्हणाले, ‘मॅडम, जुनंच हातानं लिहा ना, कायले टेन्शन घेता?’ त्या दिवशी मला इतका संताप आला की फोन ठेवल्यावर हात थरथरत होते. तीन वर्षं वेळेवर पैसे घेणारा माणूस मला सांगतो की हाताने लिहा.

त्या रात्री दोन कागद घेऊन बसले: आमचा देखभालीचा करार आणि कोहाचा परवाना. करारात शब्द होते, ‘सॉफ्टवेअर व त्याअनुषंगिक सेटिंग’. परवाना म्हणजे जीपीएल या ओपन सोर्स परवान्याची तिसरी आवृत्ती, २००७ सालची. वॉरंटी नाही हे तिच्यात खरंच लिहिलेलं आहे, १५व्या आणि १६व्या कलमात. पण ते लेखकांसाठी आणि जे ही वस्तू पुढे देतात त्यांच्यासाठी. त्याच परवान्याच्या चौथ्या कलमात म्हटलंय की पैसे घेऊन मदत किंवा हमी देण्याची मुभा आहे. भाऊंनी नेमकी तीच मदत आम्हाला विकली होती. कोहा न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी लिहिलं गेलं आणि २००० साली वापरात आलं. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. ज्याने भेट दिली त्याच्याकडे मी हक्काने काही मागू शकत नाही. देखभालीची पावती ज्याने फाडली त्याच्याकडे मागू शकते. एवढा फरक मला आधी का सुचला नाही, याची चुटपुट अजून आहे.

अध्यक्षांची सही असलेलं पत्र घेतलं, दुपट्टा बांधला आणि भर उन्हात सीताबर्डीला त्यांच्या ऑफिसात गेले. भाऊ समोर होते. मी करारातली ओळ दाखवली, चौथं कलम वाचून दाखवलं आणि म्हटलं, ‘भाऊ, मशीन वाचनालयाचं, सभासदांच्या नोंदी वाचनालयाच्या. पासवर्ड आज द्या.’ ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘द्यायले काही नाही मॅडम, पण काही बिघडलं तर आमच्या नावानं बोंब नको.’ हे मला पटलं. तिथेच मी लिहून दिलं की प्लगइनमुळे जे बिघडेल ते माझ्याकडे. मूळ कोहा, ऑपरेटिंग सिस्टीम आणि बॅकअप त्यांच्याकडे. त्यांनी सही केली, मी केली, आणि कागदावर लिहिलेला पासवर्ड १७व्या दिवशी माझ्या पर्समध्ये आला. परतताना मेट्रोत मी तो कागद तीनदा उघडून पाहिला.

हा वाटणीचा कागद पहिल्याच दिवशी करून घ्या, कराराबरोबरच. त्यात प्लगइनचा शब्दानं उल्लेख हवा, आणि पासवर्डाची एक प्रत बंद पाकिटात वाचनालयाच्या कपाटात हवी.

पुढचं एका संध्याकाळीत झालं. ० चा १ केला, फाईल चढवली, कुठली चूक दिसली नाही. पण यादीत प्लगइनच येईना. ‘अबाउट’च्या पानावर पर्ल मॉड्यूल्सची (कोहा ज्या पर्ल भाषेत लिहिलंय तिच्यातल्या तयार तुकड्यांची) यादी असते, तिथे सगळं जागेवर होतं. त्या यादीवर विसंबू नका. ती कोहाला लागणाऱ्या मॉड्यूल्सची आहे, प्लगइनला वेगळं काही लागत असेल तर ते तिथे कळत नाही. खरं कारण प्लॅकच्या, म्हणजे कोहाची पानं चालवणाऱ्या सेवेच्या, एरर लॉगमध्ये (चुकांच्या नोंदीत) सापडलं: एक्सेल फाईल लिहिणारं मॉड्यूल मशीनवर नाही. डेबियन आणि उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये अशी मॉड्यूल्स पॅकेज म्हणून मिळतात, नाव ‘लिब’ने सुरू होतं आणि ‘पर्ल’ने संपतं. ते बसवलं, प्लॅक आणि मेमकॅश (तात्पुरती माहिती साठवणारी सेवा) पुन्हा सुरू केले, फाईल पुन्हा चढवली. प्लगइन दिसलं! काकांना हाक मारून दाखवलं.

हे मॉड्यूल लागतं असं सूचनापत्रात कुठेच नव्हतं. लेखकावर राग धरावा असं मला वाटलं नाही. त्याच्या मशीनवर ते आधीपासून असणार. त्याला कळवताना मी कोहाची आवृत्ती, प्लगइनची आवृत्ती, लॉगमधली नेमकी ओळ आणि मी काय केलं ते क्रमाने लिहिलं. तुम्हीही असंच लिहा. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलं तर समोरचा काय करणार? बरोबर सूचनापत्रासाठी चार ओळीही लिहून पाठवल्या: आधी सोय सुरू करा, हे मॉड्यूल बसवा, सेवा पुन्हा सुरू करा, मग फाईल चढवा. त्याने त्या जशाच्या तशा घेतल्या. पहिल्या गठ्ठ्यात ६३ पत्रं निघाली, सगळ्या वेलांट्या जागेवर.

एक आधीच सांगायला हवं होतं. काहीही चढवण्यापूर्वी कोहा-डंप या कमांडने कोहाची पूर्ण प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवा. केपीझेड म्हणजे नाव बदललेली झिप फाईलच असते, ती उघडून आत प्लगइनचा लेखक, तारीख आणि कोहाची किमान आवृत्ती पाहा. बाहेरचं प्लगइन सभासदांच्या नोंदींपर्यंत पोहोचतं, त्यामुळे ज्याचा लेखक कळत नाही ते मी बसवणार नाही. कोहाची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, मे आणि नोव्हेंबरमध्ये, आणि आवृत्तीच्या आकड्यातच साल-महिना असतो, २४.११ म्हणजे २०२४चा नोव्हेंबर. दर वेळी अद्ययावत केल्यावर प्लगइन चालतं का ते तपासणं आता माझं काम, कागदावर माझी सही आहे. पुढची आवृत्ती आली की रविवारी, वाचनालय बंद असताना, बसवून पाहायची ठरवली आहे. काका चावी घेऊन आठ वाजता येतो म्हणालेत.