इंडेक्स टूमधली एक ओळ

घर किंवा प्लॉट तारण ठेवून कर्ज घ्यायचे असेल, तर बँक साधारणपणे ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट मागते. या काळात मिळकत कोणाकडून कोणाकडे गेली, तिच्यावर गहाण, वाटणी, बक्षीस, हक्कसोड असे काही नोंदले गेले आहे का, हे दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची पाहून वकिलाने लिहून द्यायचे असते. मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रातील दस्तांची संगणकीय सूची नोंदणी विभागाच्या ई-सर्च या ऑनलाइन शोधसेवेवर २००२ पासून मिळते. त्यामुळे आजच्या सर्चमध्ये दोन काळ शेजारी नांदतात. मागचा टप्पा हाताने लिहिलेल्या सूचींचा आणि अलीकडचा टप्पा पडद्यावरचा. मात्र २०३२ च्या आसपास ३० वर्षांचा संपूर्ण सर्च संगणकीय काळातच संपेल. त्या दिवसापासून हस्तलिखित सूची उघडण्याचे कारण बहुतेकांना उरणार नाही आणि पडद्यावर जे दिसेल तेच मिळकतीचा इतिहास म्हणून धरले जाईल. म्हणूनच आज दस्ताची माहिती भरताना होणाऱ्या चुकांकडे आपण जितक्या सहजपणे पाहतो, तितक्या सहजपणे पाहता कामा नये, असे मला मनापासून वाटते.

कागदाच्या काळाचे मी गोडवे गाणार नाही. नोंदलेला मूळ दस्त हाती यायला महिनोन्महिने लागत, तोवर खरेदीदाराजवळ पावतीखेरीज काही नसे, आणि स्टॅम्प पेपरच्या गैरव्यवहारांनी या राज्याला काय दाखवले ते सर्वांना ठाऊक आहे. आज दस्ताची माहिती घरी बसून नोंदणी विभागाच्या पब्लिक डेटा एंट्री या ऑनलाइन सोयीत भरता येते, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी शासनाच्या ग्रास या ऑनलाइन भरणा प्रणालीतून ई-चलनाने भरता येते, कार्यालयात कॅमेऱ्यासमोर छायाचित्र आणि यंत्रावर अंगठ्याचे ठसे घेतले जातात, दस्त स्कॅन होतो आणि बहुधा त्याच दिवशी मूळ दस्त पक्षकाराच्या हातात पडतो. भाडेकराराची, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी तर आधारच्या आधारे कार्यालयात न जाताही होते. यातला प्रत्येक बदल स्वागतार्ह आहे.

अडचण आहे ती पडद्यावरच्या रकान्यांची. दस्तात मिळकतीचे वर्णन परिच्छेदभर असते: सिटी सर्व्हे नंबर, वॉर्ड, क्षेत्रफळ, पूर्वेस काय, पश्चिमेस काय, आणि शेवटी जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह अशी ती जुनी, आजही न चुकता लिहिली जाणारी ओळ. इंडेक्स टू, म्हणजे सर्चमध्ये पाहिली जाणारी त्या दस्ताची सूचीतली नोंद, मात्र या परिच्छेदातून आपोआप तयार होत नाही. तो तयार होतो डेटा एंट्रीत टाइप केलेल्या रकान्यांतून. दस्त वकील किंवा दस्तलेखक काळजीने लिहितो आणि रकाने अनेकदा कार्यालयाजवळच्या एखाद्या दुकानातील मुलगा रांगेतल्या चार गिऱ्हाइकांना सांभाळत भरतो. पक्षकार रक्कम आणि स्वतःचे नाव तेवढे तपासतो.

कोल्हापुरात या चुकीला एक खास जागा आहे. आपल्या शहराचा नगर भूमापन अभिलेख ए ते ई अशा वॉर्डांत विभागलेला असून प्रत्येक वॉर्डाचे क्रमांक स्वतंत्र आहेत. म्हणजे शिवाजी पेठेतल्या ए वॉर्डात जो सिटी सर्व्हे नंबर सापडतो, तोच राजारामपुरीच्या ई वॉर्डातही सापडू शकतो. माझ्यापुढे आलेल्या एका प्रकरणात फ्लॅट ई वॉर्डातला होता, दस्ताच्या मजकुरात आणि जोडलेल्या मिळकत पत्रिकेतही, म्हणजे प्रॉपर्टी कार्डातही, ‘ई’ असेच होते, पण डेटा एंट्रीत ‘सी’ पडले होते. दस्त कायद्याने धड होता, पैसे चुकते झाले होते, ताबाही मिळाला होता. तरीही ई वॉर्डात त्या नंबराचा शोध घेतला, की तो व्यवहार झालाच नाही असे दिसे, आणि सी वॉर्डातल्या एका अगदी अनोळखी घराच्या नावावर मात्र एक खरेदी दिसे. चूकदुरुस्ती पत्र करायचे तर लिहून देणाऱ्याची सही हवी. तो वारला होता आणि वारस गावोगाव पांगलेले होते. एका अक्षरासाठी त्या कुटुंबाचे कर्ज अडून राहिले.

क्रमांक लिहिण्याच्या तऱ्हांचाही असाच त्रास आहे. एकच पोटहिस्सा कोणी ‘अ/१’ लिहितो, कोणी ‘ए-१’, कोणी मधली रेघ गाळतो. माणसाच्या डोळ्याला हे एकच असते, शोधयंत्राला ते एकच वाटेल याची खात्री नसते. म्हणून नेटका सर्च घेणारा वकील एकाच मिळकतीचा शोध चार-पाच प्रकारे घेतो आणि तरीही जुनी मिळकत पत्रिका समोर ठेवून प्रत्येक नोंद दस्ताशी ताडून पाहतो. संस्थानकाळातली कागदपत्रे मोडीत असली, तर मोडी वाचणारा शोधावा लागतो, ते वेगळेच.

आणखी एक गैरसमज ऑनलाइन नोंदणीमुळे बळावत चालला आहे. ‘सरकारी पोर्टलवर दिसते आहे, म्हणजे मालक तोच’ असे लोक बिनधास्त बोलतात. आपल्याकडे १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली नोंद होते ती दस्ताची. मालकी हक्काची हमी शासन देत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये सुरू झालेल्या टोरेन्स पद्धतीत हक्काचीच नोंद होते आणि ती नोंद निर्णायक मानली जाते; आपली पद्धत तशी नाही. विकणाऱ्याला हक्क होता की नाही हे दुय्यम निबंधकाने ठरवायचे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील एका नियमाबाबत निर्णय देताना एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. कागद जाऊन संगणक आला तरी हा पाया जसाच्या तसा आहे. चुकीच्या माणसाने लिहून दिलेले खरेदीखतही तितक्याच लवकर, तितक्याच स्वच्छपणे स्कॅन होऊन पडद्यावर दिसू शकते.

मूळ माहिती तंत्रज्ञान कायद्याने, म्हणजे २००० च्या कायद्याने, स्थावर मिळकतीच्या विक्रीचे करार आणि हस्तांतरण आपल्या कक्षेबाहेर ठेवले होते. २०२२ मध्ये केंद्राने पहिल्या अनुसूचीत बदल करून तो अडसर काढला, आणि मे २०२५ मध्ये १९०८ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या नोंदणी विधेयकाचा मसुदा जनतेच्या सूचनांसाठी खुला केला. त्यात ऑनलाइन सादरीकरण आणि इलेक्ट्रॉनिक नोंदणी यांना जागा दिलेली आहे. दिशा ठरली आहे, तिला विरोध करण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र दस्त सादर झाल्यावर दुय्यम निबंधक जी कबुली घेतात, ती कोणत्याही स्वरूपात पातळ होऊ नये. विशेषतः हक्कसोडपत्रात. माहेरच्या जमिनीवरचा हक्क भावाच्या नावे सोडून द्यायला आलेल्या बहिणीला ‘तुम्ही काय लिहून देता ते ठाऊक आहे का, कोणाचा दबाव नाही ना’ असे एका तिऱ्हाईत अधिकाऱ्याने समोरासमोर विचारणे, हाच पुष्कळदा तिच्यासाठी एकमेव थांबा असतो. हा प्रश्न घाईत विचारला जातो, हे मला मान्य आहे. पण भावाच्याच घरात, भावाच्याच फोनवर अंगठा किंवा ओटीपी दिला गेला, तर घाईतला तो थांबाही जाईल. आजारी आणि वृद्ध माणसांच्या घरी जाऊन नोंदणी करण्याची तरतूद सध्याच्या कायद्यातही आहे. ती अधिक वापरली जावी.

मूळ कागदाचे महत्त्वही इतक्यात संपत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरीपर्यंत आले, तेव्हा लोखंडी ट्रंकेतली खरेदीखते भिजून एकमेकांना चिकटलेली मी पाहिली आहेत. स्कॅन झालेल्या दस्तांची प्रमाणित प्रत त्या घरांना मिळू शकली, हा संगणकीकरणाचा फार मोठा उपकार आहे. तरीही मूळ दस्त ठेवून होणाऱ्या गहाणाला बँक मूळ प्रतच मागते, आणि ती हरवली की पोलीस ठाण्यातली तक्रार, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, प्रतिज्ञापत्र असा सारा फेरा आलाच. दस्त जन्मतःच इलेक्ट्रॉनिक असेल तेव्हा ‘मूळ’ कशाला म्हणायचे आणि तारण म्हणून काय ठेवायचे, याचे उत्तर बँकांच्या सोबत बसून आधी ठरवायला हवे.

शासनाकडे माझी मागणी एकच आहे. मिळकतीचे रकाने टाइप करायला ठेवूच नयेत. शेतजमिनीसाठी नोंदणीची आय-सरिता आणि महसुलाची ई-फेरफार या प्रणाली जोडल्या गेल्या आहेत. त्याच धर्तीवर शहरातली मिळकत पत्रिका निवडली, की वॉर्ड, नंबर आणि क्षेत्र थेट तिथून यावे, आणि नोंदणीपूर्वी तयार होणारा गोषवारा दोन्ही पक्षकारांना मोठ्याने वाचून दाखवावा.

तोवर ज्यांचा व्यवहार या महिन्यात आहे, त्यांनी नोंदणीनंतर कार्यालयाच्या आवारातच इंडेक्स टूची प्रत काढावी. वॉर्ड, सिटी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, पोटहिस्सा, क्षेत्राचे एकक आणि नावे दस्ताशी जुळतात का ते ओळीवर बोट ठेवून पाहावे. चूक आढळली, तर चूकदुरुस्ती पत्राची तारीख विकणाऱ्याकडून त्याच वेळी घ्यावी. शेतजमीन असेल तर पुढे नमुना नऊची, म्हणजे फेरफाराबाबत संबंधितांना जाणारी नोटीस, हरकतीचे १५ दिवस आणि मंडळ अधिकाऱ्यांची प्रमाणित नोंद होऊन सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत पाठपुरावा करावा. शहरात हेच काम नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेसाठी करावे लागते, आणि पुष्कळ फ्लॅटधारक ते वर्षानुवर्षे करतच नाहीत.